‘रोड’ म्हणजे मुळात घोड्यावरची स्वारी

शब्दवेडी

नमस्कार मंडळी,

‘रोड टच प्लॉट’, ‘रोडचं काम निघालंय’, ‘मेन रोडला ये, मी थांबते’... ‘रोड’ हा शब्द आता कुणाला परका वाटत नाही. पण त्याचं कूळ शोधायला बसले आणि त्यात इतकी गुंतले की इथे लिहिल्याशिवाय चैन पडेना.

सगळ्यात आधी एक गोष्ट. इंग्रजीत ‘रोड’चा ‘रस्ता’ हा अर्थ जेमतेम सव्वाचारशे वर्षांचा आहे. शब्द मात्र हजार वर्षांहून जुना. मग आधीची सहाशे-सातशे वर्षं त्याचा अर्थ काय होता?

जुन्या इंग्रजीत तो ‘राद’ असा होता, ‘रीदान’ म्हणजे घोड्यावर बसून जाणे या क्रियापदापासून आलेला. आजचं ‘राइड’ तेच. तर राद म्हणजे घोड्यावरून जाणं, घोड्यावरचा प्रवास, आणि घोडदळ घेऊन शत्रूच्या मुलखावर जाणं. आपल्याकडे याला हुबेहूब शब्द आहे: स्वारी. ‘देवळात चालली स्वारी’ म्हणतो तेव्हा ती नुसती जाणारी व्यक्ती असते आणि ‘कर्नाटकची स्वारी’ म्हणतो तेव्हा मोहीम असते. रादचेही असेच दोन्ही अर्थ होते. पायाखालच्या जमिनीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

म्हणूनच ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात समुद्राला ‘ह्रोनराद’ म्हटलंय, म्हणजे देवमाशाची स्वारी जिथून चालते ते. दुसऱ्या एका ठिकाणी ‘स्वानराद’ आहे, हंसाची. पाण्यावर कसला आलाय रस्ता! पण राद म्हणजे ‘जाणं’ असं धरलं की ही प्रतिमा लगेच उलगडते.

आता त्याचं जुळं भावंड बघा. जुन्या इंग्रजीतला लांब ‘आ’ दक्षिणेकडे ‘ओ’ झाला. ‘स्तान’चा ‘स्टोन’ झाला, ‘हाम’चा ‘होम’ झाला, तसाच ‘राद’चा ‘रोड’. उत्तरेकडे, स्कॉटलंडमध्ये, तोच ‘आ’ ‘ए’कडे वळला. तिकडे दगड ‘स्टेन’ झाला, घर ‘हेम’ झालं आणि राद झाला ‘रेड’. म्हणजे पेपरात येते ती आयकर खात्याची ‘रेड’ आणि आपला ‘रोड’ हा एकच शब्द आहे, फक्त दोन बोलींतून आलेला. स्कॉटिश सरहद्दीवर गुरं पळवायला घोडेस्वारांच्या टोळ्या रात्री निघायच्या. १५८२ मध्ये तिथल्या काही सरदारांनी सोळा वर्षांच्या राजालाच, सहाव्या जेम्सला, ताब्यात घेतलं. त्या प्रकरणाचं नावही ‘रुथव्हेनची रेड’ असंच आहे. पुढे हा शब्द इंग्लंडात मागे पडला होता, तो १९व्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या लेखनातून पुन्हा वर आला. ‘इनरोड’ या शब्दात मात्र हल्ल्याचा अर्थ इंग्लंडातही टिकून राहिला होता.

अर्थ बदलत होता तो काळ शेक्सपिअरचा. त्याच्या नाटकांत तिन्ही अर्थ सापडतात. ‘हेन्री पाचवा’मध्ये राजा म्हणतो की स्कॉट लोक आपल्यावर ‘रोड’ करतील, म्हणजे स्वारी करतील. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या सुरुवातीला नकाशात बंदरं, धक्के आणि ‘रोड’ धुंडाळण्याची गोष्ट येते. तिथे रोड म्हणजे जहाजं नांगर टाकून उभी राहतात ती आडोशाची जागा. आणि ‘हेन्री चौथा’च्या पहिल्या भागात मालवाहू घोडेवाले सराईतल्या पिसवांना वैतागून म्हणतात की अख्ख्या ‘लंडन रोड’वर असलं भिकार ठिकाण नाही. हा आपला रोड. एकाच लेखकाच्या लेखणीत स्वारी, नांगर टाकायची जागा आणि रस्ता, तिघंही एका वेळी नांदतायत!

मग त्याआधी इंग्रज रस्त्याला काय म्हणायचे? ‘वे’ आणि ‘स्ट्रीट’.

‘वे’ जुना, घरचा. त्याचा धातू संस्कृतातल्या ‘वह्’चा सख्खा. वाहन, वाहणे, वाहतूक हे सगळे आपल्याकडचे भाऊबंद, तिकडे ‘वॅगन’ आणि लॅटिनमार्गे ‘व्हेइकल’.

‘स्ट्रीट’ मात्र रोमनांकडून आलेला. लॅटिनमध्ये ‘व्हिया स्त्राता’ म्हणजे अंथरलेली वाट, दगड पसरून केलेली. रोमन सैन्यानं युरोपभर असे रस्ते बांधले, ते बघून जर्मानिक लोकांनी, म्हणजे इंग्रज, डच, जर्मन यांच्या पूर्वजांनी, नावासकट उचलले. म्हणून डचांत ‘स्त्रात’, जर्मनांत ‘श्त्रासं’, इटलीत ‘स्त्रादा’. इंग्लंडात नावात ‘स्ट्रॅट’, ‘स्ट्रेट’ असलेलं गाव दिसलं की जवळून रोमन रस्ता गेलेला असण्याची दाट शक्यता असते. शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड म्हणजे रोमन रस्ता जिथे नदी उतरून जातो तो उतार. आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट: या ‘स्त्राता’चा धातू म्हणजे संस्कृतातला ‘स्तृ’, पसरणे. त्यापासून आस्तरण, आणि आस्तरणापासून आपलं अंथरूण! स्ट्रीट आणि अंथरूण एकाच घरातले.

एवढं सगळं बघितल्यावर मला वाटायला लागलंय की वाटेच्या शब्दांची मुळात दोन घराणी आहेत. एक जाणाऱ्याचं: कुणीतरी गेलं, वाहून नेलं, स्वार झालं, म्हणून शब्द झाला. दुसरं बांधणाऱ्याचं: कुणीतरी दगड अंथरले म्हणून शब्द झाला. रोड आज डांबराचा झाला असला तरी तो पहिल्या घराण्यातला आहे. तुम्हाला काय वाटतं? मराठीतले आणि इतर भाषांतले शब्द या दोन घराण्यांत बसतात का, जरूर लिहा.

---

पिंपळपान

फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे.

रेड आणि रोड एकच, हे वाचून थक्क झालो. एक शंका. ‘पाथ’ म्हणजे आपला ‘पथ’च ना? उच्चारही तोच, अर्थही तोच. तुम्ही यादीत घेतला नाहीत म्हणून विचारतोय.

---

शब्दवेडी

@पिंपळपान, मुद्दाम घेतला नाही, कारण तो दिसतो तितका सरळ नाही.

संस्कृत आणि इंग्रजी लांबच्या नात्यातल्या भाषा. पण त्यांच्यात समान शब्द आले की ध्वनी ठरलेल्या पद्धतीनं बदललेले दिसतात. मूळ ‘प’ संस्कृतात ‘प’च राहतो आणि इंग्रजीत ‘फ’ होतो. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह, पूर्ण आणि फुल. १८२२ मध्ये याकोब ग्रिमनं ही संगती सविस्तर मांडली, परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतला थोरला तो हाच.

या हिशेबानं ‘पथ’चा इंग्रजी सख्खा शब्द ‘फ’नं सुरू व्हायला हवा. आणि तो आहे! ‘फाइंड’. मूळ धातूचा अर्थ पाय टाकणे, वाटेनं जाणे. चालत गेलं की काहीतरी गवसतं, म्हणून फाइंड. लॅटिनमध्ये त्याच मुळातून ‘पोन्स’ म्हणजे पूल, ग्रीकमध्ये ‘पोन्तोस’ म्हणजे समुद्र.

मग ‘प’ जसाच्या तसा ठेवून आलेला ‘पाथ’ कुठला? तो बहुधा उसना घेतलेला. एक मत असं की युरोपच्या पूर्वेकडच्या गवताळ पट्ट्यात इराणी बोली बोलणारे घोडेस्वार समाज होते, त्यांच्याकडून जर्मानिक लोकांनी हा शब्द फार पूर्वी घेतला. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या इराणी धर्मग्रंथातही, हा शब्द आहेच. यावर सगळ्या विद्वानांचं एकमत नाही, पण ‘पाथ’ आणि ‘पथ’ सरळ वारशानं भाऊ नाहीत एवढं ‘प’ वरून ठरतं.

अवांतर: रशियनमध्ये वाटेला ‘पुत’ म्हणतात, तोही पथाच्याच नात्यातला. ‘स्पुत्निक’ म्हणजे सोबत वाटेनं चालणारा, सांगाती. १९५७ मध्ये पृथ्वीभोवती पहिला उपग्रह सोडला तेव्हा त्याला त्यांनी हे नाव दिलं, मला ते फार गोड वाटतं.

---

घाटमाथा

दोन घराण्यांची कल्पना एकदम पटली. सह्याद्रीत भटकणाऱ्याला हा फरक पायांनीच कळतो.

आम्ही डोंगरात ‘रस्ता’ हा शब्द वापरतच नाही. रस्ता म्हणजे पायथ्याच्या गावापर्यंत एस.टी. येते तो. त्याच्या पुढे फक्त वाट. त्यातही प्रकार आहेत. मळलेली वाट म्हणजे गावकऱ्यांची रोजची, पावलांनी दाबून घट्ट झालेली. तिच्यावर गवत उगवत नाही. ढोरवाट म्हणजे गुरांनी पाडलेली. ती कारवीत शिरली की एकीच्या तीन होतात, तिन्ही सारख्याच ठळक, आणि शंभर पावलांवर तिन्ही विरून जातात, कारण गुरांना कुठे पोचायचं नसतं, चरायचं असतं. नवखा माणूस तिथे फसतो. वाटाड्या काय बघतो? झाडाच्या बुंध्यावर कोयत्याची जुनी खूण, दगडावर दगड ठेवलेला, खडकावर पाय लागून लागून आलेली तुकतुकी. मी स्वतः शेणावरून वाट ठरवणारे मामा पाहिलेत: म्हशीचं शेण असेल तर पाणी जवळ, नुसत्या शेळ्यांच्या लेंड्या असतील तर पुढे कडा.

आणि बांधलेली वाट कशी असते ते बघायचं तर नाणेघाटात जा. तिथे सातवाहनांच्या काळात घाट खोदून काढलाय, वर गुहेत ब्राह्मी लेख आहे, माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकायचे असं सांगतात. कल्याण-सोपाऱ्याचा माल त्या वाटेनं जुन्नरला चढायचा. म्हणजे तुमच्या भाषेत ‘स्त्राता’च.

‘वाट’ कुठून आला सांगाल का? आणि ‘मार्ग’?

---

शब्दवेडी

@घाटमाथा, शेणावरून कडा ओळखण्याची गोष्ट फारच आवडली, आणखी लिहा ना.

वाट आला संस्कृतातल्या ‘वर्त्मन्’पासून, धातू ‘वृत्’, वळणे, फिरणे. प्राकृतात त्याचा ‘वट्ट’ झाला आणि मग वाट. हाच धातू लॅटिनमध्ये ‘व्हेर्तेरे’, आणि इंग्रजीत ‘टुवर्ड’, ‘फॉरवर्ड’ यांच्या शेपटीला जो ‘वर्ड’ आहे तो. तो सुटा शब्द म्हणून कधीच मेला, पण दिशा दाखवायला अजून उभा आहे.

मार्ग तर तुमच्याच जंगलातला. मृग म्हणजे मुळात कुठलंही रानटी जनावर, आणि मार्ग म्हणजे त्या मृगाचा माग. शिकारी तो शोधत जातो, म्हणून ‘शोधणे’ हाही अर्थ त्याला चिकटला. मराठीत ‘माग काढणे’ यात ते मूळ अजून स्वच्छ दिसतं. ‘मागणे’ हे क्रियापदही तिथूनच: शोधणे, मग हवं म्हणणे. आज ‘महामार्ग’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर टोलनाका येतो, पण शब्दाच्या पोटात जनावराच्या पावलांचे ठसे आहेत. तुमची ढोरवाट आणि संस्कृतातला मार्ग यांत तसं फारसं अंतर नाही.

---

तिठ्यावरचा

आमच्या कोकणातून दोन गोष्टी.

पहिली नांगर टाकायच्या ‘रोड’ची. इंग्रजीत जहाज नांगरावर उभं असलं तरी ते ‘राइड’ करतंय असंच म्हणतात, लाटांवर स्वार. म्हणून ती जागा रोड, किंवा पूर्ण नाव ‘रोडस्टेड’. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर ‘हॅम्प्टन रोड्स’ आहे. नाव ऐकून वाटतं चौक असेल, पण ते चक्क पाणी आहे. १८६२ च्या मार्चमध्ये तिथे दोन लोखंडी चिलखती युद्धनौका पहिल्यांदा समोरासमोर भिडल्या.

दुसरी रेल्वेची. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड ही स्टेशनं ज्यांनी पाहिलीत त्यांना माहीत आहे की यांतली बहुतेक त्या नावाच्या गावात नाहीत. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे. मुंबईहून पहिल्यांदा येणारा पाहुणा उतरतो, बाहेर येऊन विचारतो ‘बाजार कुठे?’ आणि रिक्षावाले हसतात. ‘रोड’ म्हणजे इथे उतरा, त्या गावाकडे जायचा रस्ता इथून आहे. नाशिक रोड, वसई रोड, डहाणू रोड हा सगळा तोच प्रकार. मात्र ग्रँट रोड वेगळा, तिथे रोड हे खरंच रस्त्याचं नाव आहे, गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटच्या नावाचा.

माझं म्हणणं, या स्टेशनांच्या नावांत तुमचा जुना अर्थ थोडा उरलाय. ‘राजापूर रोड’ म्हणजे राजापूरला जाणं.

आणि घाटमाथा, ‘तिठा’ विसरू नका. तीन वाटा मिळतात तो तिठा, चार मिळतात तो चव्हाटा. लॅटिनमध्ये तिठ्याला ‘त्रिव्हियुम’ म्हणतात, आणि तिठ्यावर कुणीही भेटतं, काहीही बोलतं, म्हणून क्षुल्लक गोष्टीला इंग्रजीत ‘ट्रिव्हियल’. आमच्याकडे गोष्ट चव्हाट्यावर येते तशीच!

---

शब्दवेडी

@तिठ्यावरचा, क्या बात है! स्टेशनांची ही पद्धत विलायतेतलीच. कॉर्नवॉलमध्ये ‘बॉडमिन रोड’ नावाचं स्टेशन १८५९ मध्ये सुरू झालं, बॉडमिन गावापासून काही मैल लांब. १९८३ मध्ये त्याचं नाव बदलून ‘बॉडमिन पार्कवे’ केलं, म्हणजे गाडी लावून ठेवायची आणि रेल्वे पकडायची. तिकडे ‘रोड’ गेला, आपल्याकडे टिकला. आणि टिकला तो कसा, तर ‘नाशिकरोडला राहतो’, ‘मीरारोडला घर घेतलं’ असं आपण म्हणतो. जाण्याचा शब्द होता, तो राहण्याचा पत्ता झाला.

---

पीवे

रेल्वेत रुळांच्या कामावर आयुष्य गेलं, म्हणून लिहितो.

आमच्या खात्याचं नाव ‘परमनंट वे’. माझं टोपणनाव त्यावरूनच. नवीन लाइन टाकताना कंत्राटदार आधी माती-खडी वाहून न्यायला कच्चे रूळ टाकायचे, तो टेंपररी वे. काम झालं की तो उचलून कायमचा टाकायचा, तो परमनंट वे. रूळ, स्लीपर, खडी सगळं मिळून वे. ‘वह्’ धातूचा आहे म्हणालात ते वाचून बरं वाटलं, शेवटी वाहूनच नेतो तो.

पण आमच्याकडे ‘रोड’ही आहे, आणि तुम्ही म्हणता त्या अर्थानं. लोको पायलटची नव्या सेक्शनवर बदली झाली की त्याला लगेच गाडी देत नाहीत. आधी त्यानं ‘एल.आर.’ करायचं, म्हणजे लर्निंग रोड. दुसऱ्या चालकाबरोबर कॅबमध्ये बसून तो सेक्शन शिकायचा: कुठला सिग्नल वळणामागून उशिरा दिसतो, चढ कुठे संपतो, कुठे वेगाचं बंधन आहे. रात्रीचं वेगळं करावं लागतं, कारण अंधारात खुणा बदलतात. रूळ तर त्याला माहीतच असतात, सगळीकडे सारखेच. शिकायचं असतं ते त्यावरून जाणं. याला रोड म्हणतात ते आज कळलं का ते.

आणि वाटेचं म्हणाल तर आमच्या कीमनला विचारा. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवं निशाण, आपल्या बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या पट्ट्यात, रोज रुळांतून चालत जायचं. रूळ जागेवर धरून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची. पावसाळ्यात घाटात रात्रीची गस्त वेगळी. गाड्यांची वाट कायमची राहते ती या रोज चालणाऱ्या माणसांमुळे. त्यांच्यातले कितीतरी जण रुळांवरच गेले. त्यांची नावं कुठल्या स्टेशनाला नाहीत.

---

पिंपळपान

@पीवे, नमस्कार घ्या. या प्रतिसादासाठी धागा वर ठेवायला हवा.

---

अभ्यंकरी

चर्चा छान चालू आहे, पण मला एक गोष्ट खटकते. वाट, मार्ग, पथ, रस्ता असे चार-चार शब्द घरात असताना आपण ‘रोड’ कशाला मिरवायचा? निदान रस्ता तरी म्हणावं. तो आपला आहे.

---

शब्दवेडी

@अभ्यंकरी, रस्ता आपला आहेच, पण तोही पाहुणा म्हणून आला आणि राहिला. फारसीत ‘रास्त’ म्हणजे सरळ, योग्य. त्यावरून ‘रास्ता’ म्हणजे सरळ रांग, दुकानांची ओळ, आणि मग दोन ओळींमधली जाण्याची जागा. रास्त भाव दुकानातलं ‘रास्त’ ते हेच. लॅटिनचा ‘रेक्तुस’, इंग्रजीचा ‘राइट’ आणि संस्कृतातला ‘ऋजु’ यांचं ते भावंड. (पुण्यातली रास्ता पेठ मात्र सरदार रास्त्यांची, रस्त्याशी तिचा संबंध नाही.)

ओळीवरून वाट ही तऱ्हा आपल्याकडेही आहे: आळी म्हणजे घरांची ओळ. लंडनमध्ये शिंप्यांची प्रसिद्ध ‘सॅव्हिल रो’ आहे, ती पण ओळच.

माझ्यापुरतं म्हणाल तर मला शब्द हाकलायला आवडत नाहीत. आणि ‘स्वारी’ तरी कुठली? जुन्या फारसीत ‘असबार’ म्हणजे घोड्यानं वाहिलेला, म्हणजे संस्कृतात मांडायचं तर अश्व आणि भृ. त्याचा झाला सवार, मग सवारी, मग स्वारी. ‘स्वारी’ हाकलली तर आपल्या बखरी अर्ध्या राहतील. मात्र एका बाबतीत मी तुमच्या बाजूनं आहे. ‘पाणंद’, ‘घाटवाट’, ‘बोळ’, ‘तिठा’ या प्रत्येकाची जागा वेगळी आहे, त्या सगळ्यांवर सरसकट ‘रोड’ची पाटी लागली की माहिती मरते. पाणंद म्हटलं की दोन शेतांमधली, बैलगाडीपुरती, दुतर्फा झाडोऱ्याची वाट डोळ्यांपुढे येते. ‘व्हिलेज रोड’ म्हटलं की काहीच येत नाही.

---

बांधावरून

पाणंद शब्द निघाला म्हणून. आमच्याकडे गावोगाव अर्धी भांडणं याच वाटांची. वडिलोपार्जित वहिवाट असते, शेजारी बांध कोरत कोरत गाडीवाट खातो आणि मग एक दिवस नांगर घालून मोकळा होतो. ऊस तोडला तरी ट्रॅक्टर बाहेर कसा काढायचा? जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो, आणि चालू वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली अडथळा काढून मागता येतो. पहिल्यात नवी वाट मागायची, दुसऱ्यात जुनी सोडवायची. लोक दोन्हींत गल्लत करतात आणि वर्षं वाया घालवतात.

‘वहिवाट’ या शब्दातच बघा, तुम्ही गेलात, जात राहिलात, म्हणून हक्क आला. कागद नंतर.

---

टेम्सकाठ

@बांधावरून, इंग्लंडमध्ये अगदी हेच तत्त्व कायद्यात आहे. १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम ३१ प्रमाणे लोक एखाद्या वाटेनं सलग वीस वर्षं विनाअडथळा, हक्कानं जात असतील तर मालकानं ती सार्वजनिक केली असं धरलं जातं. मालकाला ते नको असेल तर तसं त्या काळात स्पष्ट दाखवून द्यावं लागतं. शनिवार-रविवारी इथे मंडळी कुणाच्याही शेतातून, गव्हाच्या मधून, हातभर रुंदीच्या वाटेनं चालताना दिसतात ती या हक्कानं. शेतकरी पेरतो, पण तेवढी पट्टी पुन्हा मोकळी करून देतो. काही वाटांवर ‘ब्रायडलवे’ अशी पाटी असते. ब्रायडल म्हणजे लगाम, म्हणजे तिथून घोड्यावरूनही जाता येतं.

लंडनची एक गंमत तुमच्या मूळ मुद्द्याला धरून. जुनं शहर, ज्याला नुसतं ‘सिटी’ म्हणतात, त्यात स्ट्रीट, लेन, अ‍ॅली, हिल, रो सगळं आहे, पण १९९४ पर्यंत ‘रोड’ नावाचा एकही रस्ता नव्हता. त्या वर्षी सीमा थोडी सरकली आणि गॉसवेल रोडचा तुकडा आत आला. कारण तुम्ही सांगितलंच आहे: तिथली बहुतेक नावं पडली तेव्हा रोडचा अर्थ अजून रस्ता झालाच नव्हता.

---

शब्दवेडी

@टेम्सकाठ, ही गोष्ट मी शोधत होते, मनापासून आभार.

@बांधावरून, दोन कायद्यांमधला फरक इतक्या थोडक्यात आणि स्पष्ट कुणी सांगितला नव्हता. जमलं तर वेगळा धागा काढा, अनेकांच्या कामाचा होईल.

---

खडीकरण

मी रस्त्यांच्या बांधकामात आहे, तेव्हा बांधणाऱ्यांच्या घराण्याच्या वतीनं दोन ओळी. आमच्या अंदाजपत्रकात ‘डब्ल्यूबीएम’ असतं, वॉटर बाउंड मॅकॅडम. खडी पसरायची, रोलर फिरवायचा, बारीक चुरी आणि मुरूम टाकून पाणी मारायचं आणि पुन्हा दाबायचं. यातला मॅकॅडम म्हणजे जॉन लाउडन मॅकॅडम, स्कॉटिश माणूस, १७५६ ते १८३६. फोडलेल्या दगडांचे टोकदार तुकडे एकमेकांत अडकून घट्ट बसतात आणि पाणी बाजूला काढलं तर खालची माती भार पेलते, हे त्यानं ओळखलं. भलेमोठे दगड खाली रचायची गरजच नाही. आज गावोगाव त्याचं नाव मजुरांच्या तोंडी आहे, ‘डब्ल्यूबीएम झालं, आता डांबर’.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. ‘रूट’ कुठल्या घराण्यातला? बसचा रूट, कालव्याचा रूट, आम्ही रोज वापरतो.

---

शब्दवेडी

@खडीकरण, याचं उत्तर तुम्हाला आवडेल. रूट आला फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनच्या ‘व्हिया रुप्ता’वरून. रुप्ता म्हणजे फोडलेली. रान तोडून, डोंगर फोडून काढलेली वाट. ‘रप्चर’मधला आणि ‘बँकरप्ट’मधला ‘रप्ट’ तोच. ‘रूटीन’ हे रूटचंच लेकरू, तीच ती वाट पुन्हा पुन्हा तुडवणं. आपणही ‘डोंगर फोडून रस्ता काढला’ असंच म्हणतो ना?

आणि जिच्यात दगड अंथरले ती ‘स्त्राता’ आणि जिच्यासाठी दगड फोडला ती ‘रुप्ता’, दोन्ही ‘व्हिया’च. एस.टी.च्या पाटीवर ‘व्हाया’ असतं ते हेच लॅटिन, अर्थ ‘त्या वाटेनं’. आता बहुतेक ठिकाणी ‘मार्गे’ लिहितात, पण कंडक्टर अजून ‘व्हाया इंदापूर’ असंच ओरडतो.

---

घाटमाथा

मग बोरघाट रुप्ताच म्हणायचा. पुणे-मुंबई चाकाच्या गाडीनं जाता येईल असा तो १८३० मध्ये फोडला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून उतरायचा. जुनी उतरण्याची वाट अजून काही ठिकाणी दिसते, फक्त पावसाळ्यानंतर गवत कापलेलं असलं तर. पुढच्या भटकंतीत तिचे फोटो काढले तर इथेच टाकतो.